ग्रहणाचा अधिकार

उपग्रहावरून येणारी दूरचित्रवाणीची लहर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या प्रत्येक घरावर जवळपास सारख्याच जोराने पडते. ओतूरच्या पेठेतला वाडा आणि आहुप्याच्या कड्यालगतचे कुडाचे घर यांत ती भेद करीत नाही. चित्र मात्र प्रत्येक घरात उमटत नाही. जिथे योग्य मापाची छत्री योग्य दिशेला, योग्य कोनात, हलणार नाही अशी बसवली आहे, तिथेच ते उमटते. देणे सर्वत्र सारखे आणि मिळणे मात्र वेगवेगळे, हा पेच भारतीय धर्मविचाराने फार पूर्वीपासून हाताळला आहे. वेदवचन, गुरूचा उपदेश किंवा ईश्वराची कृपा सर्वत्र आहे असे मानले, तर ती काहींपर्यंतच का पोहोचते? परंपरेचे उत्तर एका शब्दाचे आहे: अधिकार. हा अधिकार कशाने येतो, जन्माने, तयारीने की देणाऱ्याच्या इच्छेने, यावर मात्र एकमत कधीच झाले नाही. अँटेना हे केवळ ग्रहणासाठी घडवलेले साधन असल्यामुळे त्याच्या निवडीतून आणि जोडणीतून हा प्रश्न बराच सुटा होतो. ज्या टापूत आळ्याची रेड्याची समाधी, ओतूरची बाबाजी चैतन्यांची समाधी आणि खोडदची रेडिओ दुर्बीण अशी तिन्ही ठिकाणे आहेत, तिथे तर तो नुसता पोथीतला राहत नाही.

शब्द दूरवर कसा जातो, याची दोन चित्रे न्याय-वैशेषिकांनी दिली. पाण्यात तरंगामागून तरंग उठत काठाला पोहोचावा तसा शब्द जातो, हा वीचितरंगन्याय. कदंबाच्या कळीतून केसर एकाच वेळी चहूबाजूंनी फुटावेत तसा तो सर्व दिशांना फुटतो, हा कदंबमुकुलन्याय. त्यांच्या मते शब्द हा आकाश या सर्वव्यापी द्रव्याचा गुण आहे. तो उत्पन्न होतो आणि नाहीसा होतो. श्रवणेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीने वेढलेले आकाशच. मीमांसकांना हे पटले नाही. वेद अपौरुषेय ठरायचा तर शब्द नित्य असायला हवा. बोलणाऱ्याच्या प्रयत्नाने तो निर्माण होत नाही, आधीच असलेला फक्त प्रकट होतो, असे त्यांनी मांडले.

यावरचा आक्षेप मोठा मार्मिक आहे. शब्द नित्य आणि सर्वव्यापी असतील तर सगळेच शब्द एकाच कानापाशी एकाच वेळी हजर आहेत. मग कान एका शब्दासाठी उघडला की बाकीचेही एकदम का ऐकू येत नाहीत? कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात याचा सामना केला. विशिष्ट ध्वनी कानावर विशिष्ट संस्कार करतो आणि त्या संस्काराला जुळणारा शब्दच प्रकट होतो, असा त्यांच्या उत्तराचा गाभा आहे. शेकडो वाहिन्यांच्या लहरी एकाच गच्चीवर एकमेकींत मिसळून पडत असताना टीव्हीवर एकच वाहिनी कशी दिसते, हा प्रश्न नेमका याच घाटाचा आहे, आणि त्याचे उत्तरही त्याच घाटाचे आहे. लहरीच्या जन्माबाबत इथे नैयायिक बरोबर ठरतात, कारण ती कुठल्यातरी प्रक्षेपकातून निघालेली असते. ग्रहणाबाबत मात्र मीमांसकांची दृष्टी अधिक खोल आहे: समोर असणे आणि प्रकट होणे यांच्यामध्ये ग्राहकाचा संस्कार उभा असतो. एक फरक इथेच नोंदवायला हवा. रेडिओ लहर म्हणजे ध्वनी नव्हे, आणि तिला आकाश नावाच्या द्रव्याचा आधारही लागत नाही. अशा माध्यमाची पाश्चात्त्य कल्पना, ईथर, १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगानंतर टिकली नाही. साम्य आहे ते विचाराच्या बांधणीत.

अँटेनाच्या शास्त्रात संस्काराच्या जागी अनुनाद येतो. धातूची कांडी लहरीच्या लांबीच्या सुमारे निम्म्या मापाची असली की त्या लहरीचा विद्युतप्रवाह तिच्यात सहज उठतो. २०० मेगाहर्ट्झच्या वाहिनीसाठी ही कांडी सुमारे ७५ सेंटिमीटरची लागते, ५०० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३० सेंटिमीटरची. कौलारू घरांच्या आढ्यावर एके काळी दिसणारा आडव्या काड्यांचा अँटेना याच तत्त्वावर चाले. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो सिद्ध केला. त्याच्या अनेक काड्यांपैकी केबल जोडलेली असते ती एकीलाच. मागची लांब काडी लहर परतवते, पुढच्या आखूड काड्या तिला वाट दाखवतात, आणि सगळ्यांची मिळून एकाच दिशेची ओढ तयार होते. काड्या वाढवल्या की त्या दिशेची पकड वाढते आणि बाकी सगळ्या दिशांची कमी होते. अँटेना लहरीत स्वतःची शक्ती काहीच घालत नाही. त्याचा सारा लाभ दुसरीकडून काही न घेण्यातून येतो.

एकाग्रता आणि अनन्यता यांविषयी भक्तिमार्ग जे सांगतो त्याचे हे भौतिक रूप आहे. अनन्य भक्ती म्हणजे इतर देवतांचा द्वेष, असा अर्थ पुष्कळदा लावला जातो. अँटेनाला मात्र ज्या दिशेकडे पाठ आहे तिच्याशी काही वैर नसते. अरुंद दृष्टी हे दुबळी लहर पकडण्याचे मोल आहे, आणि लहर जितकी दुबळी तितके हे मोल वाढते. ६० सेंटिमीटरच्या घरगुती छत्रीची दृष्टी जेमतेम ३ अंशांची असते. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणून जमिनीवरून स्थिर वाटतो. जुन्नरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. छत्री पाहणाऱ्याला मात्र ती इतकी वर बघते आहे असे वाटत नाही. घरगुती छत्रीचा एलएनबी, म्हणजे लहर टिपणारा भाग, समोर मध्यभागी नसून खालच्या बाजूला दांडीवर असतो, त्यामुळे तिचा चेहरा खऱ्या दिशेपेक्षा बराच खाली झुकलेला दिसतो. बाहेरून दिसणारा रोख आणि आतला रोख यांत वीसेक अंशांचे अंतर असते. कोण कुठे लक्ष लावून बसला आहे हे त्याच्या बसण्यावरून ठरवणाऱ्यांनी हे अंतर ध्यानात ठेवावे.

जोडणीतला सर्वांत बोधक भाग सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर असतो. तिथे दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. छत्री भलत्याच उपग्रहाकडे किंवा रिकाम्या आकाशाकडे वळलेली असली तरी स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली दिसू शकते, कारण एलएनबी आणि केबल यांतून येणारी एकूण शक्ती ती मोजते. त्या शक्तीत गोंगाटही आला. क्वालिटी शून्य असेल तर चित्र शून्य. नवखा माणूस पहिली पट्टी पाहून नट आवळतो आणि मग बॉक्स बिघडला म्हणतो. जाणता माणूस पहिल्या पट्टीकडे फारसे बघत नाही. तो छत्री डावी-उजवीकडे केसभर सरकवतो, थांबतो, कारण बॉक्सला लहर ओळखायला क्षणभर लागतो, आणि दुसरी पट्टी हलली की तिथेच हात रोखतो. धार्मिक जीवनात उत्कटता आणि सत्यता यांची गल्लत हीच. अंगात येणारा भाव जोरकस आहे म्हणून तो खऱ्या ठिकाणाहूनच आला, असे होत नाही. संतांनी बाह्य खुणांवर, अंगात येण्यावर, अंगारे-धुपाऱ्यांवर केलेली टीका भावनेविरुद्ध नव्हती. जोर हाच पुरावा मानण्याविरुद्ध होती.

बूस्टरचीही हीच गोष्ट. पूर्वी सिंहगडावरच्या दूरदर्शन मनोऱ्यावरून येणारी लहर जुन्नरपर्यंत सुमारे ९० किलोमीटर येताना क्षीण होई, म्हणून घरोघरी बूस्टर लागले. पुष्कळांनी ते खाली टीव्हीशेजारी बसवले. वीसेक मीटर केबलमध्ये लहर आधीच झिजलेली, आणि मग बूस्टर तिच्यासोबत गोंगाटही तितकाच मोठा करी. पडद्यावरच्या मुंग्या जराही न हटता उलट ठळक होत. तोच बूस्टर वर खांबावर, अँटेनाच्या लगत लावला तर उपयोगी पडे. लहर आणि गोंगाट यांतला जो भेद मूळ जागी हरवला तो पुढे कितीही मोठ्या आवाजाने परत मिळत नाही. ग्रंथाचा अर्थ न कळता त्याचे पारायण ध्वनिक्षेपकावर लावणाऱ्या प्रत्येक उत्सवाला हे लागू आहे.

जुन्या आणि नव्या प्रक्षेपणात आणखी एक मोठा फरक आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावरून ते पुनःप्रक्षेपित होऊ लागले. त्या अ‍ॅनालॉग काळात ग्रहण पायरीपायरीने सुधारे. आधी खरखर, मग मुंग्यांतून एखादी आकृती, मग डोंगरावरून परावर्तित लहरीमुळे पडणारी दुहेरी सावली, आणि शेवटी स्वच्छ चित्र. एक जण आढ्यावर खांब फिरवी, एक जण दारातून निरोप देई, एक जण पडद्यासमोर बसून "आलं, आलं... गेलं, दादा, थोडं मागं घे" असे सांगे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा देशभर अनेक घरांत टीव्हीला हार घातले गेले, उदबत्ती लावली गेली. अंधुक मुंग्यांतून दिसणारा रामही लोकांना रामच होता. डिजिटल लहर असे अर्धे काही देत नाही. तिच्यातल्या चुका दुरुस्त करण्याची सोय प्रक्षेपणातच गुंफलेली असते. चुका ठरावीक मर्यादेत असेपर्यंत चित्र अगदी निर्दोष दिसते, मर्यादा ओलांडली की चौकोन फुटतात आणि पडदा काळा होतो.

वेदान्ताने टप्प्याटप्प्याने मिळणारी क्रममुक्ती आणि तत्काळ मिळणारी सद्योमुक्ती असे दोन मार्ग कल्पिले आहेत. अ‍ॅनालॉग पडदा पहिल्याची, डिजिटल पडदा दुसऱ्याची आठवण देतो, पण यात एक सूक्ष्म गोष्ट निसटता कामा नये. डिजिटल ग्रहणातही छत्रीची प्रत्येक दुरुस्ती लहर सुधारतच असते; उंबरठ्याच्या खाली ती सुधारणा पडद्यावर दिसत नाही, इतकेच. क्वालिटी १० वरून ३० वर आली तरी पडदा काळाच राहतो. काळा पडदा म्हणजे वाया गेलेले श्रम, असा निष्कर्ष काढणारा माणूस चित्र यायच्या जरा आधी खाली उतरतो. अनुभवाविना चाललेल्या दीर्घ साधनेला गुरूची गरज का सांगितली आहे, हे इथे कळते. पडद्यावर काहीच नसताना आतली पट्टी वाचू शकणारा कोणीतरी लागतो.

तयारीचा सर्वांत कठोर नमुना जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळ खोडदला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. १४ अँटेना साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेले आहेत. पृष्ठभाग पत्र्याचा नसून ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीचा आहे. मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखी भासते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो, म्हणून एवढी मोठी रचना हलक्या पोलादावर उभी राहू शकली. जे घ्यायचे आहे त्याच्याच मापाने घट्ट असणे आणि बाकीच्याला वाट देणे, ही त्या जाळीची युक्ती.

इथे कोणताही एक अँटेना चित्र पाहत नाही. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत एकाच्या लहरीशी दुसऱ्याची लहर ताडून पाहिली जाते, पृथ्वीच्या फिरण्याने जोड्यांची दिशा बदलत जाते, आणि तासन्‌तासांच्या या जुळवणीतून आकाशाचे चित्र तयार होते. २०२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी याच दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर एका दूरच्या दीर्घिकेपासून टिपली. मधल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने ती लहर वाढवली होती. पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेला हा संकेत इतकी वर्षे सर्वत्र पसरत राहिला. तो ऐकायला इथे कोणी असेल की नाही, यावर त्याचे असणे अवलंबून नव्हते. अनुभवाला न आलेले असू शकते का, या जुन्या वादात हा पुरावा वास्तववाद्यांच्या बाजूने जातो.

खोडदची जागा निवडताना रेडिओ-शांतता पाहिली गेली. सह्याद्रीच्या रांगा मोठ्या शहरांचा गोंगाट अडवतात. ही शांतता आपोआप टिकत नाही. सदोष बूस्टर स्वतःच लहरी सोडू लागतो, वीजवाहिनीवरची ठिणगी गोंगाट करते. परिसरात नवे उद्योग आणि ट्रान्समीटर यांवर बंधने आली, आणि पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही दुर्बिणीचा प्रश्न आडवा आला. एकाच्या ग्रहणासाठी दुसऱ्याने गप्प बसायचे तर त्या मौनाची किंमत कोण देणार? आश्रमांची, मठांची, लेण्यांतल्या विहारांची शांतताही कुणाच्यातरी श्रमावर आणि दानावर उभी असे. ध्यानाच्या चर्चेत हा हिशेब क्वचितच मांडला जातो, आणि तो मांडला गेला पाहिजे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदची दारे खुली होतात आणि शाळाशाळांतली मुले तिथे लोटतात. त्या परिसराचे देणे काही अंशी तरी तसे फेडले जाते.

आतापर्यंत ग्रहणाची जी अपयशे पाहिली ती ग्राहकाच्या तयारीतली होती. दुसऱ्या प्रकारचे अपयश भूगोलाचे आहे. जुन्नरच्या पश्चिमेला चावंड, जीवधन, हडसर यांच्या कुशीतल्या दऱ्या आणि आंबेगावात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला घोड नदीचे खोरे ही डोंगरांच्या सावलीत आहेत. सिंहगडाची लहर नारायणगावच्या सपाटीवर पोहोचे, घाटघरला किंवा आहुप्याला तिची वाट डोंगर अडवी. त्या गावांतल्या महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाने कितीही उत्तम अँटेना आणला असता तरी डोंगर हलला नसता. इथे ग्राहकाला अपात्र म्हणणे हा अन्याय आहे. उपाय देणाऱ्याच्या बाजूने झाला: लहर डोंगराच्या वरून, उपग्रहावरून टाकली गेली. ५८ अंशांवरून येणाऱ्या लहरीला दरीचा काठ सहसा आडवा येत नाही. आता आडवे येते ते आग्नेयेला लावलेले आंब्याचे रोप. पाच-सात वर्षांत ते डेरेदार होते आणि पावसात ओल्या पानांनी लहर पिऊन टाकते. कीर्तनकार गावोगाव हिंडले, दिंड्या खेड्यांतून गेल्या, यामागेही हीच जाण होती की सावलीतल्या माणसाला उपदेशाने सुधारायचे नसते, त्याच्यापर्यंत वाट काढायची असते.

तिसरा प्रकार कुलपाचा. सशुल्क वाहिनीची लहर गच्चीवर पडते, छत्री ती पूर्णपणे पकडते, दोन्ही पट्ट्या भरलेल्या असतात, आणि तरी पडद्यावर चित्राऐवजी सूचना येते. लहर मुद्दाम सांकेतिक करून पाठवलेली असते आणि बॉक्समधल्या कार्डाला ती उलगडण्याची परवानगी नसते. ग्राहकात कोणतीही उणीव नाही, वाटेत डोंगरही नाही. अडसर आहे तो नियमाचा.

मीमांसाशास्त्राने अधिकाराच्या ज्या अटी मानल्या त्या या तीन प्रकारांपुढे ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ज्याला फळाची इच्छा आहे, जो समर्थ आहे, ज्याला त्या विषयाचे ज्ञान आहे आणि ज्याला शास्त्राने वगळलेले नाही, तो अधिकारी. पहिल्या तीन अटी तयारीच्या आहेत. दिशा, माप आणि जोडणी यांच्याच जातीच्या. चौथी कुलपाची आहे. शूद्राचा यज्ञातला अधिकार अशाच कुलपाने नाकारला गेला. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात बादरी या आचार्यांचे, सर्वांना अधिकार आहे असे मत नोंदवलेले आहे, आणि मग ते बाजूला सारले आहे. म्हणजे हा प्रश्न त्या काळी कुणाला सुचलाच नव्हता असे म्हणता येत नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात तर दोन्ही विचार एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. पहिल्या सूत्रावर ते सांगतात की विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मोक्षाची तळमळ ज्याच्या ठायी आहे तो ब्रह्मजिज्ञासेचा अधिकारी. पहिल्याच अध्यायाच्या तिसऱ्या पादात शूद्राला वेदाध्ययनातून ज्ञानाचा अधिकार नाही असे ते ठरवतात, आणि तरी विदुर व धर्मव्याध ज्ञानी होते हे मान्य करून इतिहास-पुराणांची वाट चारही वर्णांना मोकळी ठेवतात. आत असलेली पात्रता मान्य करायची आणि कार्ड मात्र नाकारायचे, अशी ही स्थिती आहे. तयारीचा अभाव आणि नियमाचा अडसर या दोन्हींना एकच 'अनधिकार' हे नाव दिल्यामुळे दुसऱ्याचा अन्याय पहिल्याच्या आड शतकानुशतके लपून राहिला.

जुन्नरच्या डोंगरांत याच्या उलट साक्षी फार जुन्या आहेत. इथल्या बौद्ध लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. परदेशी मुळाच्या या माणसांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दिले. कारागिरांच्या श्रेणींचे उल्लेखही तिथे सापडतात. धर्मश्रवणाला आणि दानाला तिथे वंशाचे कुलूप नव्हते. पुढे १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि गीता मराठीत उतरली. छत्रीवरचा एलएनबी असेच काम करतो: तो उपग्रहाची ११-१२ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १ ते २ गिगाहर्ट्झवर उतरवतो, कारण मूळ लहर साध्या केबलमधून काही मीटरही नीट जात नाही. वारंवारता उतरते, आशयाचा एक अंकही कमी होत नाही. गीता मराठीत आणण्याने ती हलकी झाली, असे मानणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर देता येत नाही. डीडी फ्री डिश २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिथे एकदा छत्री घेतली की मासिक वर्गणी नाही. वारकरी परंपरेने अध्यात्मात हेच केले: तयारीची अट ठेवली, कुलूप काढले.

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी रेड्याची समाधी आहे. पैठणच्या पंडितांसमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर इथे शांत झाला, अशी श्रद्धा आहे. ही कथा सहसा चमत्कार म्हणून सांगितली जाते. अधिकाराच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक धारदार आहे. रेड्याला वेदाचा अर्थ कळला, असे कथा म्हणत नाही. तो वेद म्हणतो, एवढेच ती सांगते. ज्या बिनचूक उच्चाराच्या बळावर पैठणचे पंडित ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचा अधिकार तोलत होते, तो उच्चार रेड्याच्याही मुखातून निघू शकतो, हे दिसल्यावर उच्चार ही अधिकाराची खूण राहत नाही. भरलेली स्ट्रेंग्थ पाहून ज्यांनी निवाडा केला होता त्यांच्यापुढे तीच पट्टी रेड्यानेही भरून दाखवली.

अँटेनाची उपमा जिथे संपते ती जागा ओतूरला आहे. मांडवी नदीकाठच्या या गावी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकारामांना त्यांनी माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात उपदेश केला, राघव चैतन्य आणि केशव चैतन्य अशी गुरुपरंपरा सांगितली, आपले नाव बाबाजी म्हणून सांगितले आणि 'राम कृष्ण हरि' हा मंत्र दिला. हे तुकारामांनी स्वतःच्या अभंगात सांगून ठेवले आहे. तुकारामांचे देहू आणि ओतूर यांच्यामधले अंतर किंवा वर्ण तिथे आडवा आला नाही, प्रत्यक्ष भेटीचीही गरज पडली नाही. अँटेना हजार वर्षे तयार राहिला तरी लहर त्याला शोधत येत नाही. प्रक्षेपकाला ग्राहक कोण हे कळत नाही आणि कळण्याची त्याला गरजही नसते. भक्तिमार्गात देणारा घेणाऱ्याला ओळखतो आणि चालून येतो. तयारीने कृपा ओढून घेता येत नाही. कृपा आली असता ती ओळखता येण्यापुरतीच तयारी असते. म्हणून तयारीचा अभाव हे कृपेच्या अभावाचे प्रमाण धरता येत नाही, आणि तयारी हा कृपेवरचा हक्कही होत नाही. तुकारामांच्या त्या अभंगात आणखी एक तपशील आहे, आणि अधिकाराचे कोणतेही शास्त्र त्याला पुरे पडत नाही: स्वप्नातल्या गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि शिष्याला त्याचा विसर पडला. मंत्र दिला गेला होताच.